ऐरण जमिनीत, बिऱ्हाड रस्त्यावर

ग्वाल्हेर म्हटले की आपल्या भागातल्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक शिंद्यांची गादी आणि दुसरे गाण्याचे घराणे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी शिकून ती मिरज-इचलकरंजीकडे आणली, त्यामुळे हे नाव आपल्याकडे घराघरांत ऐकलेले आहे. त्यात वास्कोहून निघणारी गोवा एक्स्प्रेस बेळगाव, मिरज, पुणे करीत ग्वाल्हेरला थांबते. गाडी बदलायची कटकट नाही. तरीही माझे जाणे होत नव्हते. माझी मावसबहीण लग्न होऊन तिकडे गेली त्याला पंचवीस वर्षे झाली. दर दिवाळीला ती फोनवर म्हणायची, "अगं, एकदा तरी ये!" शेवटी एका थंडीत योग आला.

बहिणीचे सासर लष्कर भागात आहे. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० च्या सुमारास इथे पडला आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले, म्हणून हे नाव. फाळके बाजार, पाटणकर बाजार, शिंदे की छावनी अशा पाट्या वाचत रिक्षातून जाताना आपण चंबळच्या जवळ आहोत की कोल्हापुरात, असा प्रश्न पडतो. घरात मराठी बोलतात, पण तिला हिंदीची फोडणी असते. बहिणीच्या मुलाने दार उघडून "मावशी, आधी चाय घेणार का पाणी?" असे विचारले, तेव्हा हसू आवरले नाही. आपल्या घरातही मराठी वाक्यात कानडी शब्द असेच येऊन बसतात. आपल्याला त्याचे काही वाटत नाही, इतकेच.

पहिले दोन दिवस किल्ला, जयविलास महाल, तानसेनाची कबर आणि फुलबागेतली झाशीच्या राणीची समाधी पाहण्यात गेले. तिसऱ्या दिवशी बहीण म्हणाली, "तुला भाकरीचा तवा हवा होता ना? बाजारातला पत्र्याचा नको घेऊस. रस्त्यावरच्या लोहारणीकडचा घेऊ."

लोहारीण हा शब्द मी लोहाराची बायको या अर्थाने ऐकला होता. घण चालवणारी बाई या अर्थाने तो मला त्या दिवशी कळला.

गाडी आहे, बैल नाहीत

मोठ्या रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली चार-पाच पाले होती. प्रत्येक पालाशेजारी एक जड लाकडी गाडी, तिच्या फळ्यांवर पितळी फुल्या ठोकलेल्या. बैल मात्र एकाही गाडीला नव्हते. ही गाडिया लोहारांची वस्ती. राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश या भागांत हे लोक पिढ्यान्पिढ्या बैलगाडीतून फिरत आले. गावाबाहेर थांबायचे, शेतकऱ्यांचे विळे, कुदळी, कुऱ्हाडी घडवायच्या किंवा शेवटून द्यायच्या आणि काम संपले की पुढच्या गावाला जायचे.

त्यांची परंपरा अशी सांगते, की ते मेवाडच्या राण्याचे शस्त्रे घडवणारे लोहार. १५६८ मध्ये अकबराने चित्तोड जिंकले तेव्हा त्यांनी गड सोडला आणि शपथ घेतली. चित्तोड पुन्हा आपले होईपर्यंत गडावर पाय ठेवायचा नाही, घर बांधून राहायचे नाही, खाटेवर झोपायचे नाही, रात्री दिवा लावायचा नाही. स्वातंत्र्यानंतर ६ एप्रिल १९५५ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंच्या उपस्थितीत हजारो गाडिया लोहार वाजतगाजत चित्तोडगडावर गेले आणि शपथ संपल्याचे जाहीर झाले. शपथ संपली, पण घर काही त्यामुळे मिळत नाही. त्यातल्या पुष्कळांच्या गाड्या आज शहरांच्या कडेला उभ्या आहेत.

आम्ही गेलो त्या पालापुढे एक म्हातारेबाबा जमिनीवर बसले होते. त्यांच्यासमोर त्यांची सून उभी होती. घागरा, हातात चांदीची जाड कडी आणि दोन्ही हातांत चार-पाच किलोचा घण. बाबांनी सांडशीने लाल पात भट्टीतून काढली, ऐरणीवर ठेवली, छोट्या हातोडीने एका जागी टिचकी दिली. त्याच जागी सुनेचा घण पडला. पुन्हा टिचकी, पुन्हा घण. दहा-बारा घाव झाल्यावर बाबांनी हातोडी ऐरणीच्या कडेवर आडवी वाजवली आणि घण हवेतच थांबला. दोघांत एक शब्द बोलणे झाले नव्हते.

घराण्याच्या गावात आले होते, म्हणून म्हणा, मला तबला आठवला. कुठे पडायचे आणि कुठे थांबायचे हे हातोडी सांगते आणि घण ऐकतो.

ऐरण कशी बसवतात

माझे लक्ष मात्र त्या ऐरणीवर होते. चित्रात दिसते तशी शिंगवाली, ऐटबाज ऐरण ती नव्हती. तळहाताएवढ्या चौकोनी तोंडाचा, खाली निमुळता होत गेलेला एक ठोकळा. जमिनीच्या वर जेमतेम वीतभर, बाकी सगळी खाली. "एवढीशी ऐरण आणि एवढा मोठा घण, ती हलत कशी नाही?" असे मी विचारले. सुनेने पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "दीदी, निहाई हिली तो मेहनत मिट्टी में." म्हणजे ऐरण हलली तर कष्ट मातीत. ती हे म्हणीसारखे बोलली, पण ते अक्षरशः खरे आहे. ऐरण डळमळली तर घणाचा जोर लोखंडाला न मिळता ऐरण हलवण्यातच जातो.

मग बाबांनी ऐरण बसवायची रीत सांगितली. आधी जागा बघायची. भरावाची माती नको, पाणी साचणारी जागा नको. हातभर खोल खड्डा घ्यायचा. त्यात बाभळीचा ओंडका उभा ठेवायचा, आडवा नाही. झाड जसे उभे वाढले तसाच तो जमिनीत उभा राहिला पाहिजे. उभ्या रेषांवर पडलेला घाव लाकूड पेलते, आडव्या रेषांवर पडला की ते चिरते. ओंडक्याच्या भोवती विटांचे तुकडे आणि माती थोडे पाणी मारून धुम्मसाने ठोकायची. ओंडक्याच्या डोक्यात भोक कोरायचे, ऐरणीचे शेपूट तापवून त्यात ठोकायचे. लाकूड जळून अगदी त्या मापाची खाच तयार होते आणि ऐरण घट्ट बसते. शेवटी हातोडीचा एक ठोका. आवाज एकच आला तर ऐरण बसली. आवाजामागे दुसरा बसका आवाज आला, तर कुठेतरी पोकळी राहिली. उकरा, पुन्हा ठोका.

भट्टी बाबांच्या हाताच्या अंतरावर होती. पूर्वी बकऱ्याच्या कातड्याचा भाता असे, आता हाताने फिरवायचा लोखंडी पंखा आहे. अंतर इतके कमी ठेवण्यालाही कारण आहे. पातळ पात भट्टीतून काढली की काही सेकंदांत तिचा रंग उतरतो. पिवळ्याचे नारिंगी, नारिंगीचे लाल होते. लाल विझल्यावर ठोकले तर लोखंड वाकत नाही, तडकते. म्हणून उठून चालत जायला वेळ नाही. बसल्या जागी एका हाताला आग आणि दुसऱ्या हाताला ऐरण पाहिजे. धूर घणवालीच्या तोंडावर जाऊ नये, म्हणून वारा कोणीकडून येतो तेही आधी बघतात.

आणि उठायची वेळ आली, की ओंडक्याला पहारीने हिसका द्यायचा, ऐरण उपसून गाडीत ठेवायची. "घर बांधायला आम्हाला दोन घटका लागतात, ऐरण बसवायला सबंध दिवस," असे बाबा हसून म्हणाले.

भाऊजींची ऐरण

बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, एका तंत्रशिक्षणाच्या संस्थेत कार्यशाळा शिकवून निवृत्त झालेले. रात्री जेवणाच्या टेबलावर मी हा सगळा प्रकार सांगितला, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने ऐरण काढली. एका टोकाला शिंग, कड्या आणि गोलाई वाकवायला. मध्ये सपाट तोंड. दुसऱ्या टोकाशी एक चौकोनी आणि एक गोल भोक. चौकोनी भोकात छिन्नी उलटी बसवायची, गोल भोकावर पात धरून आरपार छिद्र पाडायचे.

"पण ही उभ्याने काम करायची ऐरण," भाऊजी म्हणाले. "हिची उंची कशी ठरवतात, सांगा बरं?" मी गप्प. त्यांनी मला उभे केले, हात सरळ खाली सोडून मूठ वळायला लावली. "बोटांची पेरे जिथे येतात, तिथे ऐरणीचे तोंड. उंच झाली तर खांदा दुखतो, ठेंगणी झाली तर कंबर. आणि घाव तिरपा बसला की लोखंडावर चंद्रकोरीसारखे वण उठतात. काम बघून मी सांगायचो, कुठल्या मुलाने दुसऱ्याच्या ऐरणीवर काम केलंय. दुसऱ्याची ऐरण म्हणजे दुसऱ्याची चप्पल."

आपल्या वाचकांत शेतीचे सामान घरी घडवणारे किंवा वर्कशॉप चालवणारे कोणी असतील, म्हणून भाऊजींच्या आणखी चार गोष्टी इथे देते. ऐरण हातोड्याच्या मानाने पुष्कळ जड हवी, जाणकार पन्नासपटीचा हिशेब धरतात. ती लाकडी ओंडक्यावर लोखंडी पट्ट्यांनी आवळून बसवतात किंवा वाळू भरलेल्या भक्कम पेटीवर ठेवतात. तिचा खणखणाट कानाला त्रास देत असेल, तर कमरेला साखळी गुंडाळतात, म्हणजे आवाज मरतो आणि घाव तसाच राहतो. जुनी ऐरण विकत घेताना बेअरिंगची गोळी दहा इंचांवरून सोडून बघतात. ती सात-आठ इंच उसळली तर तोंड चांगले कडक आहे. गोळी जागीच बसली, तर ती ऐरण घेऊ नये. आणि कोऱ्या तोंडावर मोकळा हातोडा कधी मारू नये, मध्ये तापलेले लोखंड पाहिजे.

"मग त्या बाबांची ऐरण इतकी खाली का?" मी विचारले. भाऊजी म्हणाले, "बसणाऱ्याला ती बरोबर मांडीच्या उंचीला येते. आणि घण मारणारी उभी असल्यामुळे घणाला पडायला अंतर जास्त मिळते, जोर जास्त येतो." मग जरा थांबून म्हणाले, "कंबर मात्र त्या बाईची जाते."

सांडशी आणि इक्कळ

त्या रात्री आम्ही तिघे शब्दांचा खेळ खेळत बसलो. मराठीत ऐरण, हिंदीत निहाई किंवा अहरन, कानडीत अडिगल्लु. ऐरण आणि अहरन ही सख्खी भावंडे आहेत. पाली भाषेत लोहाराच्या ऐरणीला ‘अधिकरणी’ म्हणत, त्याच शब्दाचे ते झिजलेले रूप. अडिगल्लुची गंमत वेगळी. अडि म्हणजे तळ, कल्लु म्हणजे दगड. घराच्या पायाच्या दगडालाही कानडीत अडिगल्लुच म्हणतात. घण-हातोड्याला सुत्तिगे, भट्टीला कुलुमे, भात्याला तिदि आणि लोहाराला कम्मार.

सांडशीला इक्कळ. आणि बघा, हे दोन्ही शब्द लोहाराच्या शाळेत जितके आहेत तितकेच आपल्या स्वयंपाकघरात आहेत. चुलीवरचे पातेले उतरवायला आईने "सांडशी दे गं" म्हटले काय किंवा अज्जीने "इक्कळ कोडु" म्हटले काय, ओट्यावर हात एकाच वस्तूवर जातो.

आपल्याकडे लोहार हा बारा बलुतेदारांतला एक. कानडी मुलखात तेच आयगार. वर्षभर नांगराचे फाळ, कुळवाच्या फासा, विळे-खुरपी करून द्यायची आणि सुगीला धान्य न्यायचे. अमावास्येला आपल्या भागातल्या लोहार-सुतारांच्या घरी काम बंद असते. खंडेनवमीला, म्हणजे आयुधपूजेला, ऐरण धुऊन तिला हळदकुंकू लावतात. सौंदत्ती तालुक्यातल्या शिरसंगीची काळिकादेवी हे विश्वकर्मा समाजाचे मोठे श्रद्धास्थान, तिथे दोन्ही भाषांतली माणसे जातात. ऐरणीला पाय लावायचा नाही, तिच्यावर बसायचे नाही, हे आपल्याला लहानपणी कोणी वेगळे शिकवले नाही. ग्वाल्हेरच्या त्या पालातही एक पोर ऐरणीवर पाय ठेवायला गेले, तर बाबांनी त्याला असे काही हटकले की मला आमचे आजोबाच आठवले.

बलुत्याला उतरती कळा लागण्याची सुरुवातही आपल्याच भागात पाहता येते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे लोखंडी नांगर बनवले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला कारखाना हलवला. नांगर कारखान्यातून येऊ लागला तशी गावच्या लोहाराची गरज एकेक पायरीने कमी झाली. हा दोष कोणाचा नाही. शेतकऱ्याला चांगला नांगर मिळाला, हे चांगलेच झाले. पण लोहाराचे पुढे काय, हे विचारायचे मात्र राहून गेले.

घण कोण उचलणार

दुसऱ्या दिवशी तवा न्यायला मी एकटीच गेले. सुनेने तो आदल्या रात्री ठोकून ठेवला होता. जरा मोकळी होती, म्हणून बोलत बसलो. घण बायकाच का चालवतात, असे विचारल्यावर तिला नवल वाटले. तिची आई चालवायची, सासू चालवायची. तापलेली वस्तू धरणे आणि घडवणे पुरुषाचे, घण बाईचे, अशी त्यांच्यात विभागणीच आहे. "पहिल्या खेपेला आठव्या महिन्यापर्यंत घण मारला," ती सहज म्हणाली. तिचा नवरा आता शहरात हमालीला जातो, कारण बाजारात कारखान्यातली कुऱ्हाड स्वस्त मिळते. ऐरण आता सासरा आणि सून मिळून चालवतात.

शेजारी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी पंखा फिरवत होती. ती दोन वर्षे शाळेत गेली होती. मग जागा सोडावी लागली, नव्या जागेजवळच्या शाळेत पत्ता विचारला, तो सांगता आला नाही आणि शाळा सुटली ती सुटली. आता आईची कंबर धरते, म्हणून मुलीने घण उचलायला घेतला आहे. आईला ते नको आहे. "हिच्या हातात घण देणार नाही, असं मी ठरवलं होतं," ती म्हणाली. "पण ऑर्डर असली की दुसरं कोण आहे?"

मी घरून माहिती काढून गेले होते, ती तिला सांगितली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यातल्या अठरा कामांत लोहारकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत विनातारण कर्ज पाच टक्के व्याजाने. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "कागद कौन से लगेंगे?" आधार, बँक खाते... एकेक नाव घेताना माझाच आवाज खाली गेला. तिचे आधार जुन्या जागेच्या पत्त्यावर होते आणि ती जागा आता नव्हती.

संध्याकाळी भाऊजींना हे सांगितले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढून बाहेर पडले, ते दुपारी आले. आधारचा पत्ता कुठे आणि कसा बदलतात, त्याला काय लागते, हे ते विचारून आले होते. "मी घेऊन जाईन त्यांना," एवढेच म्हणाले. अजून ते काम पुरे झालेले नाही. दोन फेऱ्या झाल्या, तिसरी व्हायची आहे. मुलीला जवळच्या शाळेत नुसती बसू तरी देतील का, हे बहीण विचारते आहे.

निघताना त्या सुनेने मला एक प्रश्न विचारला. "दीदी, तुमच्याकडे लोहार ऐरण कुठे ठेवतात?"

मला माझे आजोळ आठवले. संकेश्वरच्या अलीकडे गाव, वेशीजवळ चिंच आणि चिंचेखाली कम्माराची कुलुमे. अज्जी विळ्याला धार लावायला मला तिथे पाठवायची. त्याची मुले पुढे बेळगावला उद्यमबागेत कामाला लागली, पक्की घरे झाली, नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. चांगले झाले. भिंती पडल्या, छप्पर गेले, भाता कोणी नेला ठाऊक नाही. ऐरण मात्र तिथेच आहे. एवढी खोल पुरलेली, की भंगारवाल्याने दोनदा उकरून बघितले आणि नाद सोडला.

मी तिला म्हटले, "आमच्याकडे ऐरण जागेवर आहे, लोहार नाही."

ती हसली. म्हणाली, "हमारे यहाँ लोहार है, जगह नहीं."

तवा आता आमच्या चुलीवर आहे. जाड आहे, उशिरा तापतो, पण भाकरी फुगते. परवा आजोळी गेले होते तेव्हा मुद्दाम चिंचेखाली जाऊन आले. ऐरणीभोवती गवत वाढले होते. शेजारच्या घरची मुले तिथे खेळत होती. मी विचारले, "हे काय आहे, ठाऊक आहे का रे?" एक मुलगा म्हणाला, "अडिगल्लु." पुढे काय, ते त्याला सांगता आले नाही. पण पळताना ती पोरे ऐरणीला वळसा घालून जात होती, तिच्यावर कोणी पाय देत नव्हते.